लेदर जॅकेटची शिवण पुन्हा पुन्हा उसवते? आधी दोरा तुटलाय की चामडं फाटलंय ते बघा

बाही जिथे पाठीला जोडलेली असते, तिथली काखेमागची शिवण. दुरुस्तीला येणाऱ्या रायडिंग जॅकेटांत मला सगळ्यात जास्त वेळा हीच उसवलेली दिसते. आणि जवळजवळ प्रत्येक जण जॅकेट टेबलावर ठेवताना सांगतो, "याआधी दोनदा शिवून घेतलीय, तरी सुटते."

आमच्या घरात चामड्याचं काम वडिलांपासून आहे. त्यांनी चपला केल्या, मी जॅकेटं, पँटी आणि ग्लोव्हज दुरुस्त करतो. वडिलांनी आरी हातात देण्याआधी एक सवय लावली होती. फाटलेली वस्तू आली की लगेच शिवायला बसायचं नाही, ती कशाने फाटली ते आधी शोधायचं. चपलेचा अंगठा तुटला तर माणूस अनवाणी घरी जातो. जॅकेटची शिवण मात्र रस्त्यावर घसरताना उघडली तर तिथून चामडं बाजूला होतं आणि डांबर थेट अंगाला लागतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

लक्षणं

जॅकेट उजेडात सपाट पसरा आणि यातलं काय दिसतं ते बघा.

- दोरा तुटून लोंबतोय, पण चामड्यातली भोकं गोल आणि एकमेकांपासून सुटी आहेत.
- दोरा शाबूत आहे, पण चामडंच भोकांच्या रेषेत फाटलंय, पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं.
- शिवण उसवलेली नाही, पण दोन्ही बाजूंनी ताणली की मध्ये फट पडते आणि आतला दोरा दिसतो.
- वरून दिसणारी टीप झिजून गेलीय, पण दोन तुकडे अजून घट्ट जोडलेले आहेत.
- शिवणीच्या आसपास पांढरट थर आहे, चामडं कडक लागतं आणि वाकवलं की बारीक रेघा उमटतात.
- बाहेरून सगळं ठीक आहे, फक्त हात घालताना बोटं फाटक्या अस्तरात अडकतात.

शेवटचं लक्षण असेल तर निर्धास्त व्हा. अस्तर साध्या सुईदोऱ्याने घरी शिवता येतं, त्याचा जॅकेटच्या मजबुतीशी फारसा संबंध नाही. बाकीच्यांसाठी पुढे वाचा आणि क्रम मोडू नका. पहिल्या दोन तपासण्यांना एक पैसा लागत नाही, आणि बऱ्याच जॅकेटांचं खरं दुखणं तिथेच सापडतं.

१. जॅकेट घालून गाडीवर बसा

आरशासमोर उभं राहून जॅकेट घालू नका. चेन गळ्यापर्यंत लावा, थंडीत आत जे घालता तेही घाला, गाडीवर बसा आणि दोन्ही हात हँडलवर ठेवा. हँडल पूर्ण डावीकडे वळवा, मग पूर्ण उजवीकडे. आता कुणाला तरी तुमच्या काखेमागचं चामडं चिमटीत धरायला सांगा. चिमटीत आलं तर मापात आहे. ढोलकीच्या पानासारखं ताणलेलं असेल आणि चिमटीत येतच नसेल, तर शिवण कितीही चांगली शिवली तरी ती सुटणारच.

कारण सोपं आहे. हात पुढे गेले की पाठ रुंदावते. खऱ्या रायडिंग जॅकेटमध्ये याची सोय कापतानाच केलेली असते. बाह्या आधीपासून पुढे वळलेल्या असतात आणि खांद्यामागे चुण्यांची लवचीक पट्टी असते. फॅशनचं जॅकेट उभ्या माणसासाठी कापलेलं असतं. ते घालून पुण्याहून महाबळेश्वर गाठलं, तर वाटेतल्या प्रत्येक वळणाचा ताण त्या एका शिवणीवर येतो.

जॅकेट लहान होत असेल तर शिवण्याआधी कारागिराकडून काखेमागे जादा पट्टी घालून घ्यावी लागेल, किंवा मोठं जॅकेट घ्यावं लागेल. हे ऐकायला कुणाला आवडत नाही. पण तीनदा शिवलेल्या जागी चौथ्यांदा टाके घालण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

२. सॅक, हँगर आणि आर्मर

खांद्यावरची टीप झिजली असेल तर पाठीवरच्या सॅकचे पट्टे कुठून जातात ते बघा. पट्ट्याची कड आणि झिजलेली रेष जुळली की कारण मिळालं. अशा वेळी बहुधा वरची टीप तेवढी गेलेली असते. रायडिंगच्या चांगल्या कपड्यांत आत आणखी एक, न दिसणारी शिवण असते आणि मुख्य भार तीच पेलते. म्हणून टीप गेलेली दिसली की घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका.

भिजलेलं, अडीच-तीन किलोचं जॅकेट बारीक तारेच्या हँगरवर किंवा खुंटीवर लटकवलं तर खांद्याची शिवण ओढली जाते. रुंद लाकडी हँगर वापरा. कोपराची शिवण सुटत असेल तर आठवून बघा, मूळचं पातळ आर्मर (मार झेलायला आत घातलेलं पॅड) काढून जाड आर्मर तर बसवलं नाही ना? खिसा पातळ आर्मरच्या मापाचा असतो. जाड आर्मर कोंबलं की कोपर वाकवताना शिवण आतून फुगते.

३. दोऱ्याचा तुकडा जाळून बघा

तुटलेल्या दोऱ्याचा दोन सेंटिमीटरचा तुकडा कापून घ्या, जॅकेटपासून लांब न्या, चिमट्यात धरा आणि काडी लावा. कागद जळल्यासारखा वास येऊन राख झाली तर दोरा सुती आहे. वितळून टोकाला कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर.

सुती दोरा घामाने आणि पावसाळ्यातल्या बुरशीने कुजतो. कोकणात आणि मुंबईत जॅकेट चार महिने कपाटात कोंदलेलं राहतं, तिथे तर फारच लवकर. एका जागी कुजला म्हणजे तो सगळ्या जॅकेटभर कुजतोय. सुईच्या टोकाने पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणचे टाके हलकेच उचलून बघा. दोन-तीन ठिकाणी टाका सहज तुटला तर एक जागा शिवून उपयोग नाही, मुख्य शिवणी सगळ्याच नव्याने घालाव्या लागतील. ते घरचं काम नाही.

दोरा नायलॉनचा आहे आणि एकाच जागी तुटलाय, तर तो घासून किंवा ताणाने तुटलाय. ही चांगली बातमी आहे. अशी जागा घरी शिवता येते, पण आधी पुढच्या दोन तपासण्या करा.

४. भोकं मोजा, मागून बॅटरी धरा

जॅकेट तयार करताना कारखान्यात बहुधा बाहीच्या अस्तरात वीतभर शिवण शेवटी बंद करतात. तीच जागा शोधा. बाही उलटी करून आतली शिवण चाचपा, एका ठिकाणी कडेवरून मारलेली सरळ टीप हाताला लागेल. ती उसवली की आत हात जातो आणि अस्तर कुठेही कापावं लागत नाही.

आता फाटलेला भाग उलटा करा, मागे मोबाइलचा टॉर्च धरा आणि पट्टी लावून एका इंचात किती भोकं आहेत ते मोजा. साधारण १.२ मिलिमीटर जाडीच्या गाईच्या चामड्यात इंचाला ६ ते ८ टाके योग्य. म्हणजे एक टाका तीन-चार मिलिमीटरचा. ११-१२ टाके दिसले तर ती शिवण दिसायला नाजूक आणि सुबक असते, पण चामड्याला चाळणी झालेली असते. कापडात सुई धाग्यांमधून वाट काढते. चामड्यात ती भोक पाडते आणि ते भोक कधीच भरून येत नाही.

भोकांचा आकारही बघा. गोल आणि सुटी असतील तर काम सोपं आहे. बारीक चिरा दिसल्या आणि त्या शिवणीच्या रेषेतच एकमेकींना भिडायला आल्या असतील, तर आधीच्या माणसाने कापणारी, चुकीच्या टोकाची सुई वापरली होती.

मागच्या वर्षी एका मुलाने लडाखहून परतल्यावर आणलेलं जॅकेट अजून डोळ्यांसमोर आहे. उजव्या काखेमागे एकाशेजारी एक तीन शिवणी होत्या. दोन मिलिमीटरच्या अंतराने, प्रत्येक वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची. प्रत्येक वेळी कुणीतरी जुन्या भोकांच्या बाजूला नवी भोकं पाडली होती. मागून बॅटरी धरली तर बोटाएवढ्या जागेत पन्नासेक उजेडाचे ठिपके दिसले आणि मधोमध एक लांब फट. दोरे तिन्ही चांगले होते. चामडंच उरलं नव्हतं.

५. चामड्यात जीव आहे का

आतल्या बाजूला शिवणीची जी कड दुमडलेली असते ती चिमटीत धरा आणि नखाने ओढून बघा. निरोगी चामड्याचे तंतू चिवट लागतात, सुटत नाहीत. भुगा पडला किंवा कड बिस्किटासारखी तुटली तर दुरुस्ती इथेच संपली.

पांढरट थर दोन प्रकारचा असतो. घामाचं मीठ असेल तर ओलसर फडक्याने निघतं. बुरशी असेल तर वास येतो आणि थर मऊ, कापसासारखा लागतो. बुरशी घरात झटकू नका. गॅलरीत किंवा गच्चीवर नेऊन, नाकाला रुमाल बांधून, सौम्य साबणाच्या ओलसर फडक्याने पुसा आणि सावलीत वारा लागेल असं वाळवा. हीटरसमोर किंवा कडक उन्हात ठेवलं तर चामडं आकसतं, कडक होतं, आणि मग टाक्यांवर आणखी ताण येतो.

खोबरेल तेल लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. आपल्याकडे कडक चामड्यावर सगळ्यात आधी हात जातो तो त्याच बाटलीकडे. तेल मुरलं की चामडं मऊ होतं खरं, पण त्याबरोबर ते ढिलं पडतं, शिवणीची भोकं ताणली जातात, धूळ चिकटते आणि आत लावलेला डिंक सुटतो. चामड्याचं क्रीम लावायचं तर अगदी पातळ हात द्या, आणि तेही शिवून झाल्यावर. आधी लावलं तर डिंक धरत नाही.

आणखी एक गोष्ट. वरचा थर कागदासारखा सोलून निघत असेल आणि खाली कापड दिसत असेल, तर ते चामडं नाहीच, पीयूचा, म्हणजे प्लास्टिकचा, थर दिलेलं कापड आहे. दमट हवेत हा थर आपोआप सुटतो. त्यावर एक रुपयाही खर्च करू नका आणि ते घालून हायवेवर जाऊ नका.

६. त्याच भोकांतून, हाताने

इथवर येऊन दोरा तुटलेला, भोकं गोल, चामडं निरोगी आणि माप बरोबर असं निघालं, तर चार-पाच इंचांपर्यंतची शिवण घरी शिवता येते. त्यासाठी बोथट टोकाच्या दोन चामड्याच्या सुया, बॉन्डेड पॉलिस्टर किंवा नायलॉनचा दोरा आणि चपला चिकटवायचा रबरी डिंक लागतो. दोऱ्याच्या रिळावर टेक्स ७० किंवा टेक्स ९० लिहिलेलं बघा, टेक्स म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप. उन्हात पॉलिस्टर जास्त टिकतं, म्हणून बाहेर दिसणाऱ्या टिपेला मी तेच वापरतो. सुई बोथटच हवी. भोकं तयार आहेत, धारदार टोक जुन्या भोकाची कड कापतं.

सुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना तीन-चार चांगले टाकेही उसवा. जीव तुटतो, पण तुटलेल्या टाक्याच्या शेजारचे टाके ढिले झालेले असतातच. जुन्या दोऱ्याची कुसळं चिमट्याने काढा. शिवणीच्या दुमडलेल्या कडा डिंकाने पुन्हा बसवा. दोन्ही बाजूंना पातळ लावा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत दहा मिनिटं थांबा, मग दाबून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने हलकेच ठोका. झटपट वाळणारा डिंक इथे चालत नाही. तो काचेसारखा कडक होतो आणि कडक जागेच्या कडेला चामडं तुटतं.

शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा घ्या आणि दोन्ही टोकांना एकेक सुई ओवा. पहिल्या भोकातून दोरा निम्मा ओढून घ्या. पुढच्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात, आधी डावी, मग उजवी. दुसरी सुई पहिल्या दोऱ्यात घुसू देऊ नका, नाहीतर टाका आवळताच येणार नाही. प्रत्येक टाका दोन्ही हातांनी सारख्याच जोराने ओढा. दोरा चामड्यात टेकला की पुरे, चामडं त्याभोवती गोळा झालं तर जोर जास्त झाला. शेवटी दोन-तीन भोकं उलटं या, दोरा मिलिमीटरभर ठेवून कापा आणि लायटरने टोक वितळवून दाबा. गाठ मारू नका, ती अंगाला टोचते आणि घासून सुटते.

हाताच्या टाक्याला मी इतकं महत्त्व का देतो? मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात, एक तुटला की शेजारचे टाके ढिले पडत जातात. हाताच्या टाक्यात दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून आरपार गेलेले असतात. एक टाका तुटला तरी दुसरा दोरा ती जागा धरून ठेवतो. खोगिरं आणि घोड्यांचे पट्टे शिवणारे हाच टाका घालत आलेत.

घरच्या शिलाई मशीनवर हे काम करू नका. सुई तुटते, पायाखालचे दात चामड्यावर कायमचे ओरखडे उमटवतात, आणि जुन्या भोकांतून सुई नेणं तिच्यावर जमतच नाही. नाक्यावरच्या चांभाराकडे देणार असाल तर त्याला स्पष्ट सांगा, "दादा, याच भोकांतून हाताने घाला, नवीन भोक पाडू नका." त्याच्या हातात कला असते. कसला भार येणार आहे हे आपण त्याला सांगत नाही, म्हणून तो बॅग शिवावी तशी मशीन मारून देतो.

७. आतून पट्टी

दोन-तीन भोकं एकमेकांत फाटली असतील तर नुसते टाके धरणार नाहीत. पातळ चामड्याची, ०.६ ते ०.८ मिलिमीटरची पट्टी आतून लावतात, फाटक्या जागेच्या दोन्ही बाजूंना किमान १५ मिलिमीटर जाईल एवढी रुंद. तिच्या कडा रापीने (चामडं तासायच्या रुंद पात्याच्या हत्याराने) तासून पातळ कराव्या लागतात, नाहीतर आत धार राहते आणि पट्टीच्या कडेलाच नवी फाट सुरू होते. पट्टी नीट बसली की ताण त्या भोकांऐवजी सगळ्या पट्टीवर पसरतो. रापी चालवायची सवय नसेल तर हे काम कारागिराकडे द्या. जुन्या पर्सच्या तुकड्यावर दहा वेळा तासून बघितलं असेल तरच जॅकेटला हात घाला.

इथे थांबा, कारागिराकडे जा

जॅकेट घालून तुम्ही पडला असाल आणि घसरत गेला असाल, तर वरून फक्त ओरखडा दिसला तरी स्वतः शिवू नका. घासलेल्या जागी चामडं किती पातळ झालंय आणि आतली शिवण किती ताणली गेलीय, हे अस्तर पूर्ण काढल्याशिवाय कळत नाही. खांदा, कोपर, नितंब, गुडघा या जागांवर चामडं भोकांच्या रेषेत दोन इंचांहून जास्त फाटलं असेल, तर पट्टी न लावता तो अख्खा तुकडाच बदलावा लागतो. एकसंध रेसिंग सूटची मधली शिवण, आणि एअरबॅग असलेल्या जॅकेटची कुठलीही शिवण, यांना घरी हात लावू नका. एअरबॅग फुगताना चामड्याने कुठे जागा द्यायची हे ठरलेलं असतं. त्या वाटेवर एक टाका चुकीचा पडला तर ती नीट फुगणार नाही.

युरोपात विकल्या जाणाऱ्या रायडिंग जॅकेटच्या आत बहुधा ईएन १७०९२ (रायडिंगच्या कपड्यांचं तिथलं सुरक्षा मानक) असं लेबल असतं, सोबत ए, एए किंवा एएए असा वर्ग. त्या चाचणीत चामड्याची घासण्याला टिकण्याची क्षमता तपासतात, तशीच शिवणीची ताकदही. मोठा तुकडा बदलला की ते लेबल त्या जॅकेटबद्दल काही सांगत नाही. हे तुम्ही न विचारता स्वतःहून सांगणारा कारागीर भरवशाचा.

कपडे शिवणाऱ्या टेलरकडे जाऊ नका. चामड्याच्या जॅकेटांचं काम करणारे लोक मुंबईत धारावीत सापडतील, बाकी शहरांत रायडरांच्या ग्रुपवर विचारा. त्यांना तीन प्रश्न विचारा. जुन्याच भोकांतून शिवणार का? दोरा कुठला वापरणार? अस्तर उघडून आतली शिवण घालणार, की वरूनच टीप मारणार? तिसऱ्या प्रश्नाला "वरूनच मारतो, पाच मिनिटांत देतो" असं उत्तर आलं तर जॅकेट घेऊन परत या.

देताना खिसे रिकामे करा, आर्मर काढून घरी ठेवा आणि सुटलेल्या प्रत्येक जागेशेजारी खडूने खूण करा. परत मिळालं की पुन्हा गाडीवर बसा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, आणि पहिले दोनशे किलोमीटर झाल्यावर तीच जागा उजेडात तपासा. टाका तिथे ढिला पडलेला दिसला तर पुढच्या सफरीआधी जॅकेट पुन्हा त्याच माणसाकडे न्या.